एकटीची तोंडी

“एवढं मोठं घर हाये सर, वीस खोल्यायचं, पन यात पाणी कोन भरते, थे तं लिवलंच नाही.”

तुळसा वलथरे हे बोलली ती बारावीच्या वर्गात, दाराजवळच्या शेवटच्या बाकावरून. भूपेंद्र पराते सर तेव्हा दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात होते. कुण्या इंग्रज बाईच्या कादंबरीतला उतारा अभ्यासाला होता. कर्नल पेल नावाचा जमीनदार, माळावरचं त्याचं दगडी घर आणि त्याची मुलगी ऑगस्टा, जी शेजारच्या श्रीमंत माणसाची मागणी तोंडावर नाकारते. सर हा उतारा चार वर्षं शिकवत होते. ऑगस्टाचा स्वाभिमान, तिचं एकटेपण, माळावरचा वारा. कुठे थांबायचं आणि कुठे आवाज खाली आणायचा, हेसुद्धा त्यांचं ठरलेलं होतं.

वर्ग हसला. हसून गप्प झाला असता तर सर विसरूनही गेले असते. पण रिंकू नावाची पोरगी, जी एरवी वहीतून मान वर काढत नसे, मागे वळून म्हणाली, “खरं हाये सर. विहीर बी नाही त्यात.” कुणी म्हणालं, तळं असंल. कुणी म्हणालं, गोऱ्यायच्या घरी नळ होते. दुसरा म्हणाला, तवा कुठचे नळ बे. जूनपासून गाईडमधली उत्तरं मुकाट उतरवून घेणारी एकसष्ट पोरं त्या घराच्या मागच्या दाराशी जमा झाली आणि सर दिवाणखान्यात खडू धरून एकटेच उभे राहिले.

तेवढ्यात तुळसा उठली, बाहेर गेली आणि तिनं तास संपल्याची घंटा दिली. ती त्या शाळेची चपराशी होती.

लाखांदूरच्या अलीकडे, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या असलेल्या गावात ही शाळा होती. वरच्या मजल्यावर अकरावी-बारावी. तुळसा तिथे अठरा वर्षं होती. आधी तिचा नवरा लिलाधर होता त्या जागेवर. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरातला पहिला नोकरदार माणूस. काविळीनं आठ दिवसांत गेला. त्याच्या जागी हिला घेतलं तेव्हा ती दहावी पास होती आणि पोटुशी होती. सासरच्यांनी म्हटलं, नोकरी धाकट्या दिराला दे. तिनं सासऱ्याला अंगणात उभं करून विचारलं, “मंग नवरा बी त्यालेच करू का?” त्यानंतर त्या घरात तिच्या वाटेला कुणी गेलं नाही, आणि जेवायलाही कुणी बोलावलं नाही.

शाळेतही ती कुणाची लाडकी नव्हती. साडेदहा वाजले की ती फाटकाला कुलूप घालायची. मग बाहेर पोरगं असो की मास्तर. साकोलीहून येणारी बस रोज दहा मिनिटं उशिरा यायची आणि सर त्याच बसनं यायचे. दोन-तीनदा त्यांनी पोरांदेखत गजांतून हाक मारली होती, “तुळसाबाई, उघडा.” ती व्हरांड्यातून म्हणायची, “प्रार्थना होऊन राहिली जी. थांबा.” प्रार्थना होईपर्यंत सर फाटकाबाहेर, आणि आत सगळ्या शाळेचे डोळे मिटलेले, पण फाटक दिसू नये एवढे नाही.

त्यामुळे मागच्या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी “या बाईला तुमच्या तासाला बसू द्या” असं सांगितलं, तेव्हा सरांच्या कपाळाला आठी पडली ती काही साहित्याच्या काळजीनं नव्हे.

गोष्ट साधी होती. शाळेचे बडे बाबू सेवकराम येत्या जूनमध्ये रिटायर होणार होते. चपराशी बारावी पास असेल आणि टायपिंग झालेलं असेल तर बाबूची जागा आधी त्याला, असा नियम. टायपिंग तुळसानं साकोलीला जाऊन केलं होतं. दोन वर्षं शाळा सुटल्यावर एस.टी.नं जायची आणि शेवटच्या गाडीनं यायची. बारावीचे बाकी विषयही बाहेरून फॉर्म भरून काढले होते. अडलं ते इंग्रजीवर. पहिल्या वर्षी सत्तावीस, दुसऱ्या वर्षी एकोणतीस. पास व्हायला पस्तीस. एवढे सहा मार्क आणि तिच्या हातातला झाडू यांच्यामध्ये आता फक्त भूपेंद्र पराते होते.

ती वर्गात बसायची तेही अर्धं. दाराजवळचा बाक यासाठीच, की ऑफिसातली घंटी ऐकू यावी. घंटी वाजली की वही उपडी ठेवून ती जायची. पाणी, फाईल, कुणी पालक आला, कुणाच्या नाकातून रक्त आलं. परत येऊन बसायची. तोवर ऑगस्टा बागेतून घरात आलेली असायची, आणि मधलं जे काही घडलं ते तुळसाला मधल्या सुट्टीत रिंकू सांगायची. हौदाच्या कट्ट्यावर या दोघी बसायच्या. एक सतरा वर्षांची, एक बेचाळीस.

“मंग थो घोड्यावरचा आला वं मावशी, आन् तिचा बाप लई खूश झाला.”

“काहून खूश झाला?”

“त्याची जमीन याच्या जमिनीले लागून हाये ना.”

“हां. म्हंजे बांधाले बांध.”

सरांनी हे एकदा जाता जाता ऐकलं आणि त्यांना किळस आली. आपण ज्या ऑगस्टासाठी आवाज खाली आणतो तिला या बायका धुण्याच्या दगडावर आपटून राहिल्या आहेत असं त्यांना वाटलं.

भूपेंद्र पराते हा माणूस मुळात दुष्ट नव्हता, असं म्हणायची पद्धत आहे. मुळात कोण असतो? मोहाडीच्या एका गल्लीत त्यांचं बालपण गेलं. बाप खड्ड्यात पाय सोडून हातमागावर बसायचा. दिवसभर त्याचं कंबरेवरचंच अंग दिसायचं. भूपेंद्रला त्या खड्ड्याची भीती होती आणि त्यातून वर यायला त्याला इंग्रजी भाषा सापडली. पानंच्या पानं पाठ केली. नागपूरला एम.ए.च्या तोंडी परीक्षेत एका प्राध्यापक बाईंनी त्याचा उच्चार ऐकून तोंडाला रुमाल लावला होता. तो रुमाल वीस वर्षं झाली तरी खाली आला नव्हता. इंग्रजी साहित्य ही त्यांची मिळकत होती, आणि मिळकतवाल्या माणसाला कुणी कुंपणाशी उभं राहून नुसतं आत पाहिलेलंही चालत नाही.

पाण्याचा प्रश्न विचारल्यापासून सरांनी एक नवीन रीत सुरू केली. तास सुरू झाला, दहा मिनिटं झाली, तुळसाची मान वहीवर वाकली, की ते म्हणायचे, “तुळसाबाई, डस्टर.” दुसऱ्या दिवशी खडू. तिसऱ्या दिवशी हजेरीबुक. डस्टर टेबलाच्या खणातच असायचं. पोरांना ते माहीत होतं, तुळसालाही माहीत होतं. पहिल्या वेळी ती टेबलाशी आली, खण उघडला, डस्टर काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “अजून काय आनू जी?”

“चहा आणा.”

चहाचं दुकान रस्त्यापलीकडे. जाऊन, उकळून, परत यायला वीस मिनिटं. पस्तीस मिनिटांच्या तासातली.

डिसेंबरात उताऱ्याचा शेवटचा भाग झाला. त्या दिवशी सरांनी एकदम दोन चहा सांगितले. दुसरा कुणासाठी, हे वर्गाला कळलं नाही. तुळसा दोन कप घेऊन आली तेव्हा धडा संपला होता आणि पोरं वह्या मिटत होती. रिंकूही त्या आठवड्यात मामाच्या लग्नाला गेली होती. गाईडमध्ये शेवटच्या भागावर प्रश्न नव्हता.

तरीही सराव परीक्षेत तुळसाला ऐंशीपैकी बावीस पडले. पेपर सरांनीच तपासला. दोनदा तपासला, दुसऱ्यांदा लाल पेन घट्ट धरून. बाविसाचे बावीसच राहिले. तोंडीचे सतरा धरले तर एकोणचाळीस. बाई पास.

तोंडी परीक्षेची तिथली पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. वीस मार्क शाळेच्या हातात. पोरांनी रांगेत येऊन तक्त्यावर सह्या करायच्या, सरांनी सतरा, अठरा, एकोणीस असे आकडे टाकायचे. कुणी कुणाला काही विचारत नसे. तुळसालाही मागच्या दोन वर्षांत सतरा-सतराच मिळाले होते, याच सरांच्या हातून.

फेब्रुवारीत संस्थेचे सचिव गोपाळराव शाळेत आले. त्यांचा पुतण्या निकेश बी.कॉम. होऊन घरी बसला होता. स्टाफरूममध्ये सुपारी कातरत ते म्हणाले, “काय पराते सर, यंदा चपराशीन बाबू होते म्हनतात?”

“बघू. बोर्डाचा पेपर आहे.”

“बोर्डाचं बोर्ड पाहील. तोंडी तं तुमच्याच हाती असते ना?” त्यांनी सुपारीचं खांड सरांपुढे धरलं. “मी काही म्हनत नाही हो. शिकलेल्या मानसाले मी काय सांगू? पन उद्या इंग्रजीतली चिठ्ठी आली जिल्ह्यातून, तं ही बाई वाचनार हाये का? शाळेची लाज तुमच्याच तोंडावर येईन.”

सरांनी सुपारी घेतली. त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं की या वर्षी आपण तोंडी परीक्षा खरोखर घेणार. करुणा ताटात भात वाढत होती. ती म्हणाली, “साऱ्यायची?” सर म्हणाले, मीठ कमी आहे.

परीक्षेच्या दिवशी एकसष्ट पोरांनी अर्ध्या तासात सह्या केल्या आणि ती क्रिकेट खेळायला गेली. तुळसाला सरांनी शेवटी बोलावलं. प्रयोगशाळेत, दार लोटून. टेबलावर तक्ता होता, त्यावर कोरा कागद झाकलेला. ती सरांसमोरच्या खुर्चीवर बसली. अठरा वर्षांत ती त्या शाळेत मास्तरासमोर खुर्चीवर बसल्याचं सरांना आठवेना. निळी साडी होती, चपराशाची. पण इस्त्री केलेली.

“सही कुठी करू जी?”

“आधी प्रश्न.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मैदानावर ओरडा झाला, कुणीतरी आउट झालं असावं.

“बाकीच्यायले विचारलं?”

“तुळसाबाई, इथे मी विचारायचं असतं.” आणि त्यांनी इंग्रजीत प्रश्न टाकला. ऑगस्टानं मागणी का नाकारली?

तुळसानं हात मांडीवर ठेवले आणि गाईडचं उत्तर म्हणायला सुरुवात केली. सपाट, न थांबता, स्वल्पविरामांवरूनही थेट चालत. आठ ओळी. एकही शब्द गळाला नाही. सरांनी ते उत्तर दर वर्षी वर्गाला पाठ करायला लावलं होतं.

“हे पाठ आहे,” ते म्हणाले.

“हव जी. तुमीच सांगतलं होतं, पाठ करा म्हनून.”

“स्वतःच्या शब्दांत सांगा. इंग्लिशमध्ये.”

तिनं मांडीवरचे हात टेबलावर घेतले. सरांना वाटलं, झालं. मग ती बोलली. एकेक शब्द हौदातून बादली ओढावी तसा वर काढत.

“फादर… वॉन्ट लँड.” थांबली. “मॅन हॅव लँड. फादर गिव्ह ऑगस्टा, टेक लँड.” परत थांबली. “ऑगस्टा नॉट काऊ.”

सर टेबलाच्या लाकडाकडे पाहत राहिले. चार वर्षं त्यांनी स्वाभिमान, एकटेपण आणि माळावरचा वारा शिकवला होता. कर्नलच्या जमिनीबद्दल त्या उताऱ्यात दीड ओळ होती, आणि सगळा उतारा त्या दीड ओळीवर उभा होता, हे त्यांना त्या क्षणी, त्या मोडक्या चार वाक्यांतून, पहिल्यांदा कळलं. माणसाला अशा वेळी आनंद व्हायला हवा. त्यांच्या अंगात संताप चढला. रुमाल तोंडाला लावावा असं त्यांना वाटलं, आणि हातात रुमाल नव्हता.

“व्याकरण शून्य,” ते म्हणाले.

“पन उत्तर?”

“पुढचा प्रश्न.” हा प्रश्न त्यांनी आदल्या दिवशीच ठरवून ठेवला होता. शेवटच्या दोन पानांत त्या श्रीमंत शेजाऱ्याचं पत्र येतं. ते पत्र कर्नल कुणाला वाचायला देतो, आणि का?

तुळसानं प्रश्न समजून घेतला. समजला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. नंतर आणखीही काही समजलेलं दिसलं.

“त्या दिवशी मी वर्गात नवती.”

“वर्गात असायला हवं होतं.”

“तुमीच धाडलं होतं मले. चहा आनाले. दोन कप, एक बिनासाखरेचा.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी आली तवा दोन्ही कप तुमीच पेले, सर.”

“त्याचा इथे संबंध नाही.”

“कसा नाही जी? तुमाले मालूम हाये मले थे येत नाही. मालूम हाये म्हनूनच विचारून राहिले.”

“इंग्लिशमध्ये बोला,” सर म्हणाले. “येत असेल तर.”

हे बोलल्यावर त्यांना बरं वाटलं. खूप दिवसांनी पाय लांब करून बसावं तसं. तुळसाचे ओठ हलले. काही शब्द तिच्याजवळ होते, पण ते झाडीबोलीतले होते, आणि त्यांतल्या एकालाही या खोलीत मार्क नव्हते.

सरांनी कागदावर हिशेब केल्यासारखं केलं. पाठांतराला चार. दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला शून्य. “सहा होतात,” ते म्हणाले. “प्रामाणिकपणे पाहिलं तर सहाच होतात.”

बोर्डातही बावीसच धरले, तर बावीस आणि सहा. ही बेरीज करायला बारावी लागत नाही. तुळसानं ती केली. तिची नजर क्षणभर खिडकीबाहेर ऑफिसाकडे गेली. तिथे सेवकराम बाबू चष्मा कपाळावर सारून कुठलंसं रजिस्टर ओढत होते. या महिन्यात ते तिला रोज अर्धा तास आवक-जावक शिकवत होते. जूनपासून तुलाच पाहायचं आहे, म्हणायचे.

“पुढच्या वर्षी पुन्हा बसा,” सर म्हणाले. “अभ्यास करा. भाषा अशी घाईनं येत नाही.”

पुढच्या वर्षी जागा राहणार नव्हती. हे दोघांनाही माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे सरांना आवडलं नाही. त्यांनी कोरा कागद बाजूला केला, तक्ता तिच्याकडे फिरवला आणि पेन पुढे धरलं. “बासष्ट नंबर. सही करा.”

तक्ता तिच्यापुढे आला, आणि सरांच्या लक्षात यायला अर्धा क्षण उशीर झाला. एकसष्ट नावं, एकसष्ट सह्या. सह्यांपुढे आकडे आधीच भरलेले होते. सतरा, अठरा, अठरा, एकोणीस, सतरा. जो पोरगा वर्षातून चाळीस दिवस शाळेत आला त्याला अठरा. जो बाहेर आउट झाला म्हणून भांडत होता त्याला एकोणीस. सगळे एकाच शाईत, एकाच बैठकीत, एकाच तिरक्या अक्षरात. तुळसानं बोट ठेवून वरपासून वाचायला सुरुवात केली. घाई केली नाही. ओळीमागून ओळ बोट खाली येत होतं, आणि सरांना मध्येच हात घालून तक्ता ओढून घेता येईना.

बोट बासष्टपाशी आलं. तिथे रिकामं होतं.

“ती शाळेची पद्धत आहे,” सर म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. “पोरांचं वर्ष वाया जातं. तुमचं वेगळं आहे. तुम्हाला जबाबदारीचं पद…” त्यांचं इंग्रजी आणि मराठी दोन्ही तिथेच थांबलं.

तुळसा त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं; सरांनी ते शोधलं. असतं तर त्यांनी कदाचित सहाचे बारा केले असते, आणि आपण दयाळू आहोत असं समजून साकोलीची बस धरली असती. तिनं ती सोय त्यांना दिली नाही.

“सही करा तुळसाबाई. सही नाही केली तर गैरहजर लावावं लागेल. मग तेवढेही जातात.”

तिनं पेन हातात घेतलं. टोपण लावलं. ते तक्त्यावर, बासष्टच्या खाली, आडवं ठेवलं.

“अवं, सहा तरी घ्या!” सर म्हणाले, आणि आपला आवाज मोहाडीच्या गल्लीतल्यासारखा निघाला हे त्यांच्या कानांनी ऐकलं.

खुर्ची मागे सरली. तुळसानं ती उचलून पुन्हा टेबलाशी नीट लावली, लोटलेलं दार पूर्ण उघडलं, आणि ती बाहेर निघून गेली.